मराठी ब्लॉग शांघायमध्ये उघडत नाही, भामरागडला अर्धाच उघडतो. काय करावं?

फुटाळा_काठ (नागपूर)
नागपूरहून चालणारा मराठी ब्लॉग आहे, ब्लॉगस्पॉटवर, सुमारे ४०० नोंदी. शांघायमधल्या वाचकांना पान उघडतच नाही. भामरागडकडचे वाचक सांगतात की मथळा दिसतो आणि पुढं नुसतं चक्र फिरत राहतं. स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता, घेतलं तर दोन्ही सुटेल का?

झाडीपट्टी
भाऊ, हे दोन वेगळे आजार आहेत, औषधं पण वेगळी.

शांघायचं आधी. ब्लॉगस्पॉट ज्यावर चालतं ती गूगलची ‘ब्लॉगर’ सेवा चीनमध्ये अडवलेली आहे. डोमेन घेतलं तरी त्याची सीनेम नोंद (हा पत्ता कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा ते सांगणारी ओळ) गूगलच्याच सर्व्हरकडे जाते, म्हणजे दारावरची पाटी बदलली, घर तेच. वर्डप्रेस डॉट कॉम ही दुसरी ब्लॉग-सेवाही तिथं अडवलेली आहे. ब्लॉग सिंगापूर किंवा हाँगकाँगच्या सर्व्हरवर न्या. तिथं स्वतः बसवलेलं वर्डप्रेस सॉफ्टवेअर चालेल, साधी स्टॅटिक (आधीच तयार करून ठेवलेली) पानं असतील तर उत्तमच. चीनच्या मुख्य भूमीवरचा सर्व्हर घेऊ नका, त्याला तिथली सरकारी नोंदणी लागते.

जागा बदलूनही पान अडकतं ते आतल्या उसन्या वस्तूंमुळे: यूट्यूबची चौकट, फेसबुकचं बटण, गूगलच्या स्क्रिप्ट. एकाची वाट पाहत अख्खं पान थांबतं. हे सगळं काढा, व्हिडिओची नुसती लिंक ठेवा. आणि वाचकाला व्हीपीएन (अडवणूक चुकवून जाणारी आडवाट) वापरायला सांगू नका. विनापरवाना व्हीपीएन तिथं कायद्यात बसत नाही, धोका त्याच्या गळ्यात पडतो.

सीताबर्डी_कट्टा
भामरागडचा मामला वजनाचा आहे. कमकुवत टूजीवर सेकंदाला १२ केबी मिळाले असं धरा. मोबाइलमधून थेट चढवलेला ४ एमबीचा फोटो यायला साडेपाच मिनिटं लागतील. तोच फोटो १००० पिक्सेल रुंद करून, दर्जा ७० ठेवून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवला तर साधारण १२० केबी होतो, म्हणजे दहा सेकंद.

मजकुराची चिंता करू नका. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं हे खरं, पण हजार शब्दांची नोंद कॉम्प्रेस न करताही २० केबीच्या आसपासच राहते. खरं वजन फोटोंचं आणि वेबफाँटचं (पानासोबत उतरणाऱ्या फाँटचं). वेबफाँट काढूनच टाका. अँड्रॉइडमध्ये नोटो, विंडोजमध्ये निर्मला, आयफोनमध्ये कोहिनूर हे देवनागरी फाँट आधीच असतात. जुन्या नोंदी कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असतील तर मात्र आधी युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदला, नाहीतर मोबाइलवर निव्वळ कचरा दिसेल.

इराणचं उदाहरण इथं फार मोलाचं आहे. २००१ मध्ये इराणी ब्लॉगलेखक हुसेन देरख्शान यांनी युनिकोड वापरून फारसीत ब्लॉग कसा सुरू करायचा याची कृती लिहून ठेवली, आणि फारसी ब्लॉग भराभर वाढले. तिथं इंटरनेट वेगवान होतं म्हणून नव्हे. आपली लिपी कुठल्याही संगणकावर नीट उमटते, हे लोकांना कळलं म्हणून.

संत्रा_मार्केट
क्युबाकडेही बघा. तिथल्या ब्लॉगलेखिका योआनी सांचेस यांचा ब्लॉग २००७ चा. घरी इंटरनेट नाही, म्हणून त्या नोंदी ईमेलनं बाहेरच्या मित्रांना पाठवायच्या आणि ते त्या चढवायचे. तिथला ‘पाकेते’ तर सिनेमे-मालिकांसारख्या मजकुराचा सुमारे १ टीबीचा साप्ताहिक गठ्ठा, हार्डडिस्कवरून घरोघरी फिरणारा. त्यातलं आपल्याला घेण्यासारखं एवढंच: महिन्याच्या नोंदींची एक ईपब (ई-पुस्तकाची) फाइल करून व्हॉट्सॲपवर टाका. रेंज असेल तिथं एकदा उतरवली की पुढं नेट लागत नाही. फोटो न घालता दहा नोंदींची फाइल ३०० केबीतही बसेल. ईमेलनं नोंदी पाठवायच्या असतील तर फीडबर्नर या गूगलच्या सेवेवर विसंबू नका, त्याची ईमेल सेवा २०२१ मध्ये बंद झाली.

फुटाळा_काठ
जागा बदलली तर जुन्या लिंका मरतील ना? बऱ्याच ठिकाणी दिलेल्या आहेत.

झाडीपट्टी
म्हणूनच डोमेन घ्या. शांघायसाठी नाही, या कामासाठी. क्रम चुकवू नका.

आधी डोमेन ब्लॉगरला जोडा. जुने ब्लॉगस्पॉटचे पत्ते त्याकडे आपोआप वळतील. मग सेटिंग्जमधून बॅकअप घ्या. त्या एक्सएमएल फाइलमध्ये मजकूर आणि प्रतिक्रिया येतात, फोटो येत नाहीत. फोटोंच्या फक्त लिंका येतात आणि त्या गूगलच्याच सर्व्हरच्या असतात. हे राहिलं तर शांघायमध्ये मजकूर दिसेल आणि फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. सगळे फोटो उतरवा, लहान करा, नव्या सर्व्हरवर चढवा, लिंका बदला. खरी मेहनत इथंच आहे.

पत्ते जसेच्या तसे ठेवा. मथळा देवनागरीत असला की ब्लॉगर ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढं आकडा, असा रोमन पत्ता बनवतं. दिसायला वाईट, पण तोच ठेवा. वर्डप्रेसला देवनागरी पत्ते बनवू देऊ नका: पत्त्यात एका चिन्हाची ९ अक्षरं होतात आणि २०० च्या मर्यादेत जेमतेम २२ चिन्हं बसतात, पुढचं कापलं जातं. नव्या नोंदींना स्वतः छोटा रोमन पत्ता द्या.

नवं ठिकाण तपासून झालं की शेवटी डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) बदला. ब्लॉगरवरचा ब्लॉग मात्र पुसू नका, जुन्या लिंका तिथूनच वळतात. मध्ये एक सूचनेचं पान येऊ शकतं, वाचकानं ‘होय’ दाबलं की तो योग्य नोंदीवर पोचतो.