मदत हवी आहे: पितळी टोपणांच्या सायझिंगसाठी कोणतं वंगण वापरावं?

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे. सध्या शाईच्या पेनांची पितळी टोपणं काढतोय. ७०:३० पितळेचा (७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त) पत्रा, आधी दाबून कप, मग रीड्रॉ (कप पुन्हा ओढून लांब करणं), मध्ये ॲनिलिंग (तापवून मऊ करणं) आणि शेवटी सायझिंग डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या साच्यातून, काढून बाहेरचा व्यास मापात आणायचा. पुढे माल निकेल प्लेटिंगला जातो.

ड्रॉपर्यंत काही तक्रार नाही, अडचण सायझिंगला येते. वंगण कमी पडलं की टोपणावर उभ्या रेघा उठतात आणि डायला पितळ चिकटतं. एकदा चिकटलं की पुढचा प्रत्येक जॉब तीच रेघ घेऊन बाहेर येतो. डाय उतरवून पॉलिश केल्याशिवाय इलाज नाही. हात सैल सोडून भरपूर तेल लावलं तर बंद टोकाजवळ खळगे पडतात. तेल दाबलं जात नाही, त्याला निघायला वाट मिळाली नाही की पत्राच आत बसतो.

आता वंगणाबद्दल. गंधक असलेलं ड्रॉइंग ऑइल स्टीलला उत्तम चालतं, पण पितळ त्याने काळवंडतं, म्हणून ते बाजूला ठेवलं. एरंडेल घसरायला छान आहे, मात्र माल दोन दिवस पडून राहिला की ते चिकट होतं आणि धुताना नकोसं होतं. साबणाचं पाणी स्वस्त आहे, पण आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे. त्यात साबण फाटून पांढरा थर बसतो आणि तो प्लेटिंगखाली राहिला तर निकेल सोलपटतं.

शोधता शोधता अमेरिकेतल्या नेमबाजांची पद्धत वाचनात आली. ते लोक वापरलेली पितळी काडतुसं सायझिंग डायमधून काढून पुन्हा मापात आणतात. (आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. माझा प्रश्न फक्त पितळेच्या सायझिंगचा आहे.) त्यांचा धातूही बहुधा ७०:३०च, त्यामुळे अनुभव कामाचा वाटला. सरळ नळीच्या पिस्तुलाच्या काडतुसाला कार्बाइड (अतिशय कठीण पदार्थ) रिंगची डाय असेल तर ते वंगण लावतच नाहीत. मान आवळलेल्या रायफलच्या काडतुसाला मात्र लावावंच लागतं, नाहीतर ते डायमध्ये घट्ट अडकतं. बरेच जण लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून फवारतात. एक भाग लॅनोलिनला दहा-बारा भाग अल्कोहोल. अल्कोहोल उडून गेलं की पातळ, एकसारखा थर उरतो. जास्त वंगणाने काडतुसाच्या खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) खळगे पडतात हेही ते सांगतात, म्हणजे दुखणं तेच.

माझे प्रश्न असे. लॅनोलिन कोणी प्रेसवर वापरलंय का? प्लेटिंगआधी ते पूर्ण निघतं का? आणि पितळेसाठी पाण्यात मिसळणारं एखादं वंगण घ्यायचं तर डेटाशीटमध्ये काय पाहायचं?

प्रतिसाद

टूलरूममध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. वंगणाआधी डाय पाहा. तोंडाची त्रिज्या आणि पॉलिशची दिशा तपासा. घासल्याच्या खुणा आडव्या असतील तर कोणतंही तेल घाला, पितळ चिकटणारच. पॉलिश जॉब सरकतो त्याच दिशेने हवं. माल मोठा असेल तर कार्बाइड रिंगचा खर्च निघतो, पितळ तिला स्टीलपेक्षा खूप कमी चिकटतं.

लॅनोलिन चांगलं आहे. पण ते मेणासारखं असतं, साध्या साबणाने नीट सुटत नाही. गरम अल्कलाइन क्लीनर किंवा सॉल्व्हंट लागेल. फवारलं की अल्कोहोल पूर्ण उडू द्या, ओलं असताना डायमध्ये घालू नका. आणि शेडमध्ये वेल्डिंग चालू असेल तर फवारणी तिथे अजिबात नको. वाफ चटकन पेटते.

प्रतिसाद

डेटाशीटबद्दल सांगतो. तीन गोष्टी शोधा: ॲक्टिव्ह गंधक (धातूशी सहज क्रिया करणारं), क्लोरीन आणि अमाइन (अमोनियाच्या कुळातली रसायनं). पहिल्या दोन लोकांना ठाऊक असतात, तिसरीकडे दुर्लक्ष होतं. पाण्यात मिसळणाऱ्या बऱ्याच तेलांत ट्रायइथेनॉलअमाइन हे अमाइन असतं. स्टीलला ते गंजापासून वाचवतं, पितळेला मात्र डाग पाडतं. शिवाय सायझिंगनंतर टोपणात ताण उरलेला असतो. ताण, दमटपणा आणि अमोनिया किंवा अमाइन एकत्र आले की पितळ महिन्यांनी आपोआप तडकतं. अमोनिया असलेलं पितळ-पॉलिशही याच कारणाने टाळा.

आपल्या खडकीत ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासून आहे, तेव्हा पुणेकरांना हा इतिहास माहीत असायला हवा. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात ठेवल्या जागी तडकायची. तबेल्यांतल्या घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळेतला ताण हे त्याचं कारण १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडलं गेलं. उपाय आजही तोच आहे: सायझिंगनंतर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तासभर स्ट्रेस रिलीफ. कडकपणा फारसा जात नाही, ताण उतरतो. फक्त भट्टीत टाकण्याआधी वंगण धुवा, नाहीतर ते जळून डाग पडतील.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डायच्या तोंडाशी भिंगातून पाहिलं, खुणा खरंच आडव्या आहेत. आजच पॉलिशला दिली. स्ट्रेस रिलीफ आमच्या क्रमात नव्हतंच. मागच्या पावसाळ्यात ग्राहकाकडून तडकलेली टोपणं परत आली होती आणि आम्ही पत्र्यालाच दोष देत बसलो होतो. आता धुणं, मग भट्टी, मग प्लेटिंग असा क्रम ठेवतो.

वंगण निवडण्याआधी त्याची चाचणी घरच्या घरी करता येईल का?

प्रतिसाद

येईल. तेलांसाठी तांब्याच्या पट्टीची प्रमाणित चाचणी आहे, एएसटीएम (अमेरिकी मानक संस्था) डी १३०. घासून चकचकीत केलेली पट्टी तेलात बुडवून बहुतेक वेळा १०० अंशाला तीन तास ठेवतात आणि रंग तक्त्याशी ताडून पाहतात. तुम्ही तुमच्याच पत्र्याची पट्टी घ्या, ओव्हनवर लक्ष ठेवा. पाणी मिसळलेल्या वंगणाला इतकी उष्णता देऊ नका. त्यात पट्टी अर्धी बुडवून शेडमध्ये काही दिवस ठेवा आणि पाण्याच्या रेषेपाशी हिरवट किंवा काळा पट्टा दिसतो का ते बघा.

धागाकर्ता

लॅनोलिनची आणि दोन पाण्यातल्या तेलांची पट्टी लावतो, फोटो इथेच टाकेन. भोसरी-चाकणकडे कोणाकडे गरम अल्कलाइन धुण्याची टाकी असेल आणि थोडा माल धुऊन देणार असाल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. डाय तयार होईपर्यंत तेवढं जमलं तर पुढची बॅच नव्या क्रमानेच काढता येईल.