घाटात गरम झाली की गाडी बंद पडते, थंड झाली की लगेच सुरू होते. सेन्सर की डिझेल लाइन?

सहाचाकी_सातारा
गाडी २०१८ची, बीएस-४, चार सिलिंडर, कॉमन रेल (पंप एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, जास्त दाबाने डिझेल भरतो आणि तिथून ते इंजेक्टरना जातं), २४ व्होल्ट. सकाळी एका सेल्फला सुरू होते. तास-दीड तास लोडवर चालली की, बहुतेक वेळा खंबाटकी चढताना, इंजिन एकदम बंद. आधी झटके नाहीत, पिकअप कमी होत नाही, धूर नाही. नंतर सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. केबिन उचलून अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. स्कॅनरवर पी०३३५ (क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनचा वेग मोजणारा सेन्सर, त्याचं सर्किट) आणि पी००८७ (रेल प्रेशर कमी) असे दोन कोड आहेत. दोन्ही डिझेल फिल्टर आणि रेल प्रेशर सेन्सर बदलून झाले, फरक शून्य. आता फिटर हाय प्रेशर पंप काढायचा म्हणतोय. त्याआधी काय काय तपासून घ्यावं?

डिझेल_वायरमन
दादा, पंपाला अजिबात हात लावू देऊ नका. डिझेल कमी पडून बंद पडणारी गाडी आधी सांगते: पिकअप जातो, इंजिन अडखळतं, मग बंद पडते. चावी काढल्यासारखी बंद पडली तर आधी वायरिंग बघायचं.

दोन कोड म्हणजे दोन बिघाड असं धरू नका. क्रँकचा सिग्नल गेला की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिनचा वेग कळत नाही आणि तो इंजेक्टर बंद करतो. पंप इंजिनवरच फिरतो, त्यामुळे इंजिन थांबताना रेलचं प्रेशरही पडतं आणि मागोमाग पी००८७ येऊ शकतो. शिवाय कोड पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटचं सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर, कपलर (वायर जोडायचा प्लग), वायर आणि ईसीयूची पिन, सगळंच आलं.

बंद पडलेल्या अवस्थेतच स्कॅनर लावा, लाइव्ह डेटा उघडा आणि सेल्फ मारा. थंड होऊ दिली तर पुरावा गेला. आरपीएम १५० ते २५० दिसायला हवा. शून्य दिसला तर क्रँकचं सर्किट. आरपीएम बरोबर पण रेल प्रेशर साधारण २०० बारच्या वर चढत नसेल, तर फिटरचा संशय रास्त, डिझेल लाइन बघा. दोन्ही बरोबर असून सिंक्रोनायझेशन (क्रँक आणि कॅमच्या सिग्नलचा मेळ) होत नसेल तर कॅम सेन्सर. आणि सेल्फ मारताना स्कॅनरच ईसीयूपासून तुटत असेल तर मेन रिले, फ्यूज, अर्थिंग.

एक खूण ड्रायव्हरलाही दिसते. गाडी गियरमध्ये असताना बंद पडली तर चाकं इंजिनला फिरवतच असतात. तरी आरपीएमचा काटा एका क्षणात शून्यावर आला, तर वेगाचा सिग्नल तुटला. काटा वेगाबरोबर हळूहळू खाली आला तर सिग्नल जिवंत आहे. मात्र हे बघण्यासाठी घाटात मुद्दाम गाडी चालवू नका. इंजिन थांबलं की स्टिअरिंग जड होतं आणि एअर कॉम्प्रेसर हवा भरत नाही.

मल्टिमीटरवाला
वरच्यात भर. मीटर लावण्याआधी सेन्सर कुठल्या जातीचा ते बघा. दोन वायरचा असेल तर कॉइलचा. तीन वायरचा हॉलचा (सप्लायवर चालणारा इलेक्ट्रॉनिक) असू शकतो, किंवा कॉइलचाच असून तिसरी वायर शील्डची (बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणाऱ्या आवरणाची) असते. हॉलच्या सेन्सरवर ओहम रेंज लावायची नाही, तिथे ५ व्होल्ट सप्लाय, अर्थ आणि सिग्नल एवढंच बघायचं.

कॉइलचा असेल तर थंड असताना बऱ्याच गाड्यांत ८०० ते १,००० ओहम मिळतात. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलचा धरा. इथे बरेच जण चुकतात: तांब्याचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. २० अंशांना ८६० ओहम दाखवणारी चांगली कॉइल १०० अंशांना ११०० च्या पुढे दाखवणारच. तेवढ्यावरून सेन्सर फेकू नका. मीटर ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवू लागला किंवा आकडा उड्या मारू लागला तर कॉइल तुटली. कॉइलच्या पिनेपासून सेन्सरच्या बॉडीपर्यंत मात्र काहीच कंटिन्युइटी नको.

सेन्सर बाहेर काढलाच तर टोकावर लोखंडाचा कीस चिकटलाय का बघा. पुसून बसवताना नवी ओ-रिंग टाका आणि खाली जुनं वॉशर असेल तर तेच ठेवा, नाहीतर सेन्सर आणि फ्लायव्हीलच्या दातांमधला गॅप बदलतो.

सहाचाकी_सातारा
काल तपासलं. सेन्सर दोन वायरचा. थंड ८७० ओहम, बंद पडल्या पडल्या ११२०. त्याच वेळी सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य. म्हणजे सेन्सर ठीक आणि सिग्नल पोचत नाही, बरोबर ना?

डिझेल_वायरमन
कॉइल ठीक, आता वायरच्या मागे लागा. बॅटरीची वायर काढा, ईसीयूचा कपलर सोडवा आणि क्रँकच्या दोन पिनांवर तिथूनच ओहम मोजा. सेन्सरपाशी मिळाला तोच आकडा, फार तर एक-दोन ओहम जास्त. मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला हार्नेस (वायरांचा जुडगा) सेन्सरपासून वितीवितीने हलवायला सांगा. आकडा जिथे हलला तिथे दोष. टर्बो आणि सेल्फच्या जवळच्या क्लॅम्पखाली आधी बघा. तिथे उष्णतेने इन्सुलेशन मऊ पडतं आणि कंपनाने कापलं जातं. मग दोन्ही वायर एकमेकींना किंवा बॉडीला टेकतात, थंड झाल्या की सुटतात. म्हणून प्रत्येक वायर ते बॉडी हेही गरम असतानाच मोजा.

कपलरच्या आतल्या फिमेल पिना सैल झाल्यात का, तेही बघा. त्याच मापाची सुटी मेल पिन घालून ओढा, हाताला पकड जाणवायला हवी. टेस्ट लॅम्पची सुई त्यात कधी खुपसू नका, पिना त्यानेच पसरतात.

जोड देताना सोल्डर, वर हीट श्रिंक, नुसती टेप नाही. दोन वायरचा पीळ होता तसाच ठेवा आणि शील्ड मूळ जागी, एकाच टोकाला अर्थ करा. दोन वायरांची अदलाबदल होऊ देऊ नका. सिग्नल उलटा झाला की फ्लायव्हीलवरचा गाळलेल्या दातांचा गॅप (इंजिनची जागा ओळखायची खूण) ईसीयूला चुकीच्या जागी दिसतो आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते.

टर्बो_आणि_हवा
वायरिंग उघडलंच आहे तर बाकीचे सेन्सरही फुकटात तपासा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी फक्त चावी द्या, सेल्फ नको. कूलंट, डिझेल आणि इनटेक हवेचं तापमान एकमेकांच्या दोन-तीन अंशांत हवं, एखादं वेगळं दिसलं तर तोच सेन्सर खोटं बोलतोय. बूस्ट सेन्सरने (टर्बोच्या हवेचं प्रेशर मोजणाऱ्या) बाहेरच्या हवेचंच प्रेशर दाखवायला हवं: साताऱ्यात साधारण ९३ किलोपास्कल, मुंबईत १०१ च्या आसपास. रेल प्रेशर जवळपास शून्य आणि सेन्सरची सिग्नल वायर ०.५ व्होल्टच्या आसपास.

रेलचा सेन्सर आत्ताच बदललाय, म्हणून त्याच्या बुडाशी डिझेल पाझरतंय का तेही बघा. इंजिन चालू असताना तिथे हात फिरवायचा नाही, आयडलवरही रेलमध्ये ३०० बारच्या आसपास प्रेशर असतं आणि बारीक धार कातडी भेदून आत जाते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, ओला झाला तर गळती. दुरुस्ती झाली की दोन्ही कोड क्लिअर करा, लोड घालून गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा आणि मगच पुन्हा स्कॅन करा. पी०३३५ गेला आणि पी००८७ एकटा परत आला, तर तेव्हा इंजेक्टरचं रिटर्न (इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल) मोजा, पंप त्याच्याही नंतर.