लेवेनहूकची मूळ पत्रे कशासाठी पाहायची?

प्रश्न: नेदरलँड्समधील डेल्फ्टचा कापडव्यापारी आणि स्वतः घडवलेल्या भिंगांतून सूक्ष्म जीव पाहणारा आंतोनी व्हान लेवेनहूक याने १६७३पासून लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पाठवलेल्या पत्रांची भाषांतरे छापील स्वरूपात उपलब्ध असताना अभ्यासक मूळ हस्तलिखितांचा आग्रह का धरतात?

उत्तर १: लेवेनहूकला लॅटिन येत नव्हते. तो साध्या डच भाषेत लिहीत असे आणि सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग त्याचे इंग्रजी करीत. पाण्यातील सूक्ष्म जीवांविषयीचे ऑक्टोबर १६७६चे दीर्घ पत्र १६७७मध्ये संक्षिप्त रूपातच छापले गेले, त्यामुळे गाळलेला मजकूर मुळातूनच वाचावा लागतो.

उत्तर २: शिवाय पत्रांबरोबर वस्तूही टिकून राहतात. १९८१मध्ये जीवशास्त्रज्ञ ब्रायन फोर्ड यांना सोसायटीच्या अभिलेखागारात १६७४च्या एका पत्राला जोडलेली छोटी पाकिटे सापडली, आणि त्यांत लेवेनहूकने स्वतः कापलेले बुचाचे व इतर पदार्थांचे अतिशय पातळ छेद होते. तीन शतके ते तसेच पडून राहावेत, याचे मला आजही नवल वाटते. छापील प्रतीत ही पाकिटे कशी येणार?

प्रश्नकर्ता: मग भिंगे घडवण्याची त्याची रीतही पत्रांत सापडते का?

उत्तर २: दुर्दैवाने नाही. आपली सर्वोत्तम पद्धत त्याने कोणालाही सांगितली नाही.