पांढुर्ण्याची गोटमार: परंपरा म्हणून चालू ठेवायची की बंद करायची?

इतवारीकर:
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला गोटमार होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, एका काठावर पांढुर्णा आणि समोर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. पांढुर्ण्याच्या पोरांनी त्या माऱ्यातून झाडापर्यंत जायचं, कुऱ्हाडीनं ते तोडायचं आणि झेंडा चंडी मातेच्या देवळात न्यायचा. दरवर्षी शेकडो जखमी, लोकांचे डोळे गेलेत, माणसं मेलीत. जमावबंदी लागते, कलेक्टर-एसपी उभे असतात, ॲम्ब्युलन्स लाईनीत, आणि तरी त्यांच्या डोळ्यांदेखत दगडफेक चालूच. माझं मत स्पष्ट आहे, बंद करा.

जामकाठ:
मी तिथलाच. भाऊ, तुम्हाला फुटलेली डोकीच दिसतात. आमच्याकडे सांगतात की पांढुर्ण्याचा पोरगा सावरगावच्या पोरीला पळवून आणत होता, दोघं नदीत असतानाच तिकडून दगड सुरू झाले, मग इकडूनही झाले, आणि दोघंही पाण्यातच गेले. त्यांची आठवण आहे ही. झेंडा देवळात पोचला की वैर संपलं, उद्या बाजारात तेच लोक एकमेकांकडून संत्र्याचा भाव विचारतात. कोर्टकचेरी नाही, खुन्नस नाही. असं दुसरीकडे कुठं होतं सांगा.

इतवारीकर:
दोन जीव दगडांनी गेले म्हणून दरवर्षी आणखी दगड मारायचे, ही कसली आठवण? आणि दुसरी कथा पण आहेच ना, नागपूरच्या भोसल्यांचं सैन्य तिथं दगडफेकीचा सराव करायचं म्हणून. म्हणजे नक्की कारण काय ते गावालाही एका तोंडानं सांगता येत नाही, पण डोकं मात्र खरं फुटतं.

नीरेकाठची:
मी सातारा जिल्ह्यातली. आमच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका ओढ्याच्या काठावर समोरासमोर येतात आणि हातवारे करकरून शिव्यांची लाखोली वाहतात, बोरीचा बार म्हणतात त्याला. वाद्यं वाजतात, पोलीस मध्ये उभे असतात, कोणी ओढा ओलांडून गेलीच तर ओढाओढ होते, बास. दोन गावं, मध्ये पाणी, जुन्या भांडणाची गोष्ट, सगळं तेच. तरी कुणाचा डोळा जात नाही. वर्षभर मान खाली घालून राहणाऱ्या बाईला एक दिवस मोकळं बोलता येतं, मला तर ते फार मोलाचं वाटतं. त्यामुळे सगळ्याच परंपरा बंद करा या मताची मी नाही, पण गोटमारीत दगड हवाच का?

जामकाठ:
ताई, प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी थोडा वेळ फेकले न् परत दगड उचलले. वरून लादलेलं टिकत नाही. गोफणीवर मात्र कडक बंदी पाहिजे, हे मी पण मानतो, हातानं फेकलेला दगड आणि गोफणीचा दगड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि दारू पिऊन उतरणारे वेगळे काढा.

महालवासी:
बघा ना, त्याच दिवशी नागपुरात आपली मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. पिवळी मारबत 1885 पासून आहे म्हणतात, काळीचा संबंध नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईशी जोडतात. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत अख्खं शहर रस्त्यावर, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, काढतात न् नेऊन जाळतात. राग तोच, गर्दी तेवढीच, फक्त जळतो तो पुतळा. पांढुर्णा काही फार लांब नाही, मराठी बोलणाराच मुलूख आहे तो.

जामकाठ:
मारबत तुमची, गोटमार आमची. बदल करायचा तर दोन्ही गावांच्या बैठकीत होईल, नागपुरातून सांगून नाही.

इतवारीकर:
मग त्या बैठकीत ज्यांचा पोरगा गेला त्या घरच्या बाईला पहिलं बोलू द्या. काठावरच्या पुरुषांनी ठरवायचं आणि दवाखान्यात रात्र तिनं काढायची, हे मला पटत नाही.

जामकाठ:
तिला बोलवू. पण तिनं चालू ठेवा म्हटलं तर तुम्ही ऐकाल का?