व्हीडीईएस टेस्टिंग: एआयएस दिसतं, डेटा गळतो. मदत हवी आहे (अर्जंट)

सडा_रेडिओ:
वास्कोहून लाँच घेऊन झुआरीच्या मुखाशी व्हीडीईएस सेटची (जहाजांसाठी व्हीएचएफ रेडिओवरून डेटा पाठवायची यंत्रणा) चाचणी चालू आहे. एआयएस (जहाजांची ओळख आणि जागा कळवणारा भाग) ठणठणीत, अँकरेजवरची सगळी जहाजं दिसतात. पण जरा लांब गेलं की व्हीडीईचे, म्हणजे जलद डेटाच्या भागाचे, पॅकेट गळायला लागतात. सेटिंग सगळं बरोबर आहे. सोमवारी साहेबांना रिपोर्ट द्यायचाय. 'मॅन्युअल वाच' कृपया कोणी सांगू नये.

मोर्स_काका:
बाबा, जरा लांब म्हणजे किती मैल? केबल कुठली? चॅनल 25 किलोहर्ट्झ रुंदीचा की 100 चा? मॉड्युलेशन, म्हणजे सिग्नलवर डेटा चढवायची पद्धत, कुठली? काही न सांगता आम्ही काय पंचांग बघायचं?

कुटबण:
एवढा खटाटोप कशाला? ट्रॉलरवर इस्रोचे ट्रान्सपॉन्डर बसवतात आता. थेट सॅटेलाइट.

मोर्स_काका:
@कुटबण त्यावरून छोटे मेसेज जातात. व्हीडीईचा कमाल वेग 307 केबीपीएस आहे. दोन्हींचं काम वेगळं.

सडा_रेडिओ:
100 किलोहर्ट्झ, 16-क्यूएएम. केबल आरजी-58, वीसेक मीटर. पण त्याच अँटेनावर एआयएस चालतं ना? मग केबलचा काय दोष?

मांडवी_आरएफ:
तिथेच तर गोम आहे. एआयएस म्हणजे 9.6 केबीपीएस, 25 किलोहर्ट्झ, जीएमएसके मॉड्युलेशन. सिग्नल पडला तरी ते निभावून नेतं. चॅनल 100 चा केलास की रिसीव्हरमध्ये गोंगाट चौपट शिरतो, 6 डीबीचा फटका. 16-क्यूएएमला सिग्नल स्वच्छ लागतो, आणि तो विद्रूप होऊ नये म्हणून ट्रान्समीटरही पूर्ण पॉवरवर चालवता येत नाही. त्यात तुझी केबल 160 मेगाहर्ट्झच्या आसपास 4 डीबी खाते, म्हणजे निम्म्याहून जास्त पॉवर अँटेनापर्यंत पोचतच नाही. आधी 25 वर, पाय/4 क्यूपीएसके हे साधं मॉड्युलेशन लावून बघ.

मोर्स_काका:
केबल राहू दे, लाँचवरचे एलईडी दिवे बघ, ते रेडिओत गोंगाट घालतात. 2018 मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने यावर इशारा काढला होता. व्हीएचएफ शांत चॅनलवर ठेव, खरखर थांबेल इतपतच स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण) लाव आणि मग दिवा लाव. खरखर परत आली तर चोर सापडला.

मांडवी_आरएफ:
काका, तुम्हाला प्रत्येक धाग्यात एलईडीच दिसतो.

मोर्स_काका:
कारण प्रत्येक बोटीवर तोच असतो.

नवखा_होडीवाला:
मध्येच विचारतो, माफ करा. 1 ऑगस्टला मासेमारी सुरू व्हायच्या आत वडिलांना हातातला व्हीएचएफ सेट घ्यायचाय. पाण्यात पडला तर तरंगणारा कुठला बरा?

कुटबण:
@नवखा_होडीवाला तरंगणारे मिळतात, पण सुटी बॅटरीही घे. जाळी ओढेपर्यंत चार्जिंग संपतं.

सडा_रेडिओ:
25 वर क्यूपीएसके लावलं. त्याच जागी, गळती जवळजवळ थांबली. पण साहेबांना 16-क्यूएएमचेच आकडे हवेत! आरजी-213, ती जाड केबल, वास्कोत सुटी मिळते का कुठे?

मांडवी_आरएफ:
मिळेल. कनेक्टरही नवे घे, जुने त्या जाड केबलवर बसणार नाहीत. आणि गळती कुठल्या अंतरावर सुरू होते ते रिपोर्टमध्ये लिही, नुसतं 'लांब' नको.

मोर्स_काका:
दिवे बंद केलेस का, ते अजून सांगितलं नाहीस.