यंत्रमानव, रोबो की यंत्रगडी?

प्रश्न (नौपाड्याहून):
एका विज्ञानकथेचं भाषांतर करतेय. कारखान्यातले रोबो एका रात्री संपावर जातात, अशी कथा आहे. 'यंत्रमानव' लिहिलं की सगळी धग निघून जाते. 'रोबो' ठेवला तर मुलांचं खेळणं डोळ्यांसमोर येतं. दुसरा शब्द आहे का?

उत्तर (कोपरखैरण्याहून):
धग जाणारच, कारण 'रोबो' हा शब्द वेठीतून जन्मलाय. चेक लेखक कारेल चापेक यांचं 'आर.यू.आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झालं. कारखान्यात घडवलेल्या कामकऱ्यांना काय म्हणावं, ते त्यांना ठरवता येईना. लॅटिनवरून केलेला 'लाबोरी' त्यांना पुस्तकी वाटत होता. चित्रकार भावानं, योसेफनं, 'रोबोती' सुचवलं. 'रोबोता' म्हणजे कुळांनी जमीनदाराकडे सक्तीनं करायचं काम. आपली वेठच ती! हॅब्सबर्ग साम्राज्यात ती १८४८ साली बंद झाली. नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीतच, ते माणसासारखेच दिसतात, राबतात आणि बंड करतात. 'यंत्रमानव' या शब्दात यंत्र दिसतं, मानव दिसतो, पण त्यांचा मालक कुठेच दिसत नाही. मला हे फार खटकतं.

वेठ आपल्या जिल्ह्याला परकी नाही. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीनं वारली लोक डहाणू-उंबरगावकडे वेठीविरुद्ध उठले, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोनं त्याच्याकडे राबायचं. त्यांना 'लग्नगडी' म्हणत.

म्हणून मी 'यंत्रगडी' सुचवेन. घरगडी, सालगडी, लग्नगडी यांच्या पंगतीत तो आपसूक बसतो, आणि गडी म्हटला की मालक आलाच.

उत्तर (वाशीहून):
'यंत्रगडी' आवडला. 'बिगारी'चाही विचार करा. आमच्या नाक्यावर सकाळी मुकादम टेम्पोतून उतरता उतरताच हाक देतो, "तीन बिगारी, एक गवंडी!" घमेली घेतलेली माणसं पुढे सरकतात. बिगार म्हणजे मुळात बिनमजुरीचं सक्तीचं काम, संविधानाच्या कलम २३ नं त्यावर बंदी आणली. नाक्यावरचा बिगारी दिवसाची मजुरी घेतो, पण नाव जुनंच चिकटलंय.

आणखी एक. रिक्षा बंद असल्या की बातमीचा मथळा ठरलेला: 'प्रवासी वेठीला'. ज्याला धरून नेऊन राबवत, त्याचा शब्द आता काम थांबवणाऱ्यावर उलटलाय. तुमच्या कथेत हे वापरता येईल. संप झाल्यावर कारखानदाराच्या तोंडी घाला, "यांनी आम्हाला वेठीला धरलंय!" वाचकाला कोण कोणाला राबवत होतं ते वेगळं सांगावं लागणार नाही.

प्रश्नकर्ती:
हे वाक्य घेतेच. एक शंका आहे. कथेतला पुढारी रोबो बाईच्या आवाजात बोलतो. 'गडी' चालेल?

उत्तर (कोपरखैरण्याहून):
चालेल, पण लपवू नका. लग्नगड्याची बायकोही राबायची, तरी नाव नवऱ्याचंच. तिलाच बोलू द्या ना: "मला गडी म्हणता, आणि आवाज बाईचा दिलात." शिवाय आपल्याकडे 'गडी' म्हणजे नुसता नोकर नाही. खेळात सोबतीला असतो तो गडी, आणि 'गडी मागे हटला नाही' असंही आपण कौतुकानं म्हणतो. आधी चाकर म्हणून आलेला हा शब्द बंडाच्या प्रसंगात त्या अर्थानं वाचता येईल. 'यंत्रमानवा'त ती सोय नाही.

प्रश्नकर्ती:
काल रात्री पहिला परिच्छेद पुन्हा लिहिला. आता असा आहे: "दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. पट्टा सुरू झाला. गडी जागचे हलले नाहीत."