मदत हवी आहे: अस्तित्वात नसलेला पत्ता टाकला की भलतंच जाहिरातींचं पान उघडतं

नमस्कार मंडळी,

गेले आठ-दहा दिवस एका त्रासाने हैराण झाले आहे. पत्ता टाकताना एखादं अक्षर चुकलं आणि त्या नावाचं संकेतस्थळच नसलं, तर पूर्वी सरळ 'ही साइट सापडत नाही' असं यायचं. आता एक अनोळखी पान उघडतं. वर शोधायची चौकट, खाली 'तुम्ही हे शोधत आहात का?' आणि आजूबाजूला जाहिराती. मी टाकलेलं नाव पट्टीत क्षणभर दिसतं, की लगेच बदलतं.

नुसती कटकट असती तर सोडून दिलं असतं. पण मी जुन्या लेखांच्या दुव्यांची एक यादी सांभाळते. ४१२ दुवे आहेत आणि त्यातले मेलेले कोणते हे दर महिन्याला एका छोट्या स्क्रिप्टने तपासते. या वेळी तिने सांगितलं, मेलेला एकही नाही. आधी आनंद झाला. मग त्यातले दोन सहज उघडून पाहिले, तर दोन्हीकडे तेच जाहिरातींचं पान! स्क्रिप्टला '२००', म्हणजे सगळं ठीक, असं उत्तर मिळतं. ती तरी काय करणार? माझ्यावर विसंबून कोणी दुवा उघडला तर तो त्या पानावर जाऊन पडणार, हे मला अजिबात चालणार नाही.

कॅश आणि कुकीज साफ केल्या, एक्स्टेन्शन्स बंद करून पाहिली, अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन केलं, होस्ट्स फाइलही उघडून बघितली. काही सापडलं नाही. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत तेच. पत्ता एचटीटीपीएसने टाकला तर मात्र जाहिरातींऐवजी सर्टिफिकेटचा इशारा येतो. विंडोज ११ आहे. नक्की कुठे शोधू?

वाटसरू: फोन घरच्याच वायफायवर ठेवून तोच चुकीचा पत्ता टाका. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर टाका. काय फरक पडतो ते सांगा.

धागाकर्ती: वायफायवर फोनमध्येही तेच पान. डेटावर 'साइट सापडत नाही'.

शाईची दौत: मग संगणक आणि ब्राउझर दोन्ही सुटले. दोष राउटरमध्ये आहे किंवा त्याच्या पलीकडे.

होतं काय ते सांगतो. तुम्ही नाव टाकलं की ब्राउझर आधी डीएनएस सर्व्हरला त्याचा आयपी पत्ता विचारतो. नावच नसेल तर सर्व्हरने 'एनएक्सडोमेन', म्हणजे असं नाव नाही, एवढंच सांगायचं असतं. काही इंटरनेट पुरवठादार हा नकार मधेच गिळतात आणि त्याजागी स्वतःच्या जाहिरात सर्व्हरचा पत्ता देतात. ब्राउझरला वाटतं साइट सापडली. एचटीटीपीएसला इशारा येतो तो याचमुळे, कारण नसलेल्या नावाचं सर्टिफिकेट त्या सर्व्हरकडे असणार कुठून? तिथे 'तरीही पुढे जा' कधीही दाबू नका.

आता कमांड प्रॉम्प्ट उघडून एनएसलुकअप (डीएनएसला नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा) लिहा, पुढे कसलंही वेडंवाकडं नाव आणि शेवटी '.इन्व्हॅलिड.' (अर्थात इंग्रजीत). हा शेवट १९९९ पासून राखीव आहे, त्यात खरी साइट असूच शकत नाही. अखेरचा टिंब विसरू नका, नाहीतर विंडोज स्वतःच मागे एखादं शेपूट जोडतं आणि निकाल फसवा येतो. सुरुवातीला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून आणि न लावता, दोन्ही करा. काही ठिकाणी फक्त तसल्या नावांनाच हात लावतात.

धागाकर्ती: दोन्ही वेळा आयपी पत्ता मिळाला, आणि तोही एकच.

वाटसरू: राउटरमध्ये शिरून डीएनएसच्या रकान्यात काय आहे ते बघा. डीएनएसचेंजर नावाचं मालवेअर हाच रकाना बदलायचं. त्याची टोळी नोव्हेंबर २०११ मध्ये पकडली गेली, पण लाखो संगणक तिच्या सर्व्हरवर इतके अवलंबून होते की त्याजागी बसवलेले स्वच्छ सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले.

धागाकर्ती: रकाना 'आपोआप' वर आहे, म्हणजे पुरवठादार देईल तेच. ॲडमिनचा पासवर्ड मात्र राउटरसोबत आलेलाच होता, तो आता बदलला. मग पुरवठादाराला वगळून क्लाउडफ्लेअर कंपनीच्या १.१.१.१ या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरला थेट विचारून पाहिलं, एनएसलुकअपमध्ये नावापुढे तो आकडा लिहून. तरीही तोच खोटा पत्ता! इथे मात्र माझा धीर सुटला. क्लाउडफ्लेअरवालेसुद्धा असं करतात का?

शाईची दौत: नाही, ते असं करत नाहीत. तुमचा प्रश्न तिथवर पोचतच नसावा. साधा डीएनएस प्रश्न पोर्ट ५३ वरून (डीएनएससाठी ठरलेली वाट), उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. वाटेत कोणीही तो अडवून दुसऱ्याच्या नावाने उत्तर देऊ शकतं. खात्री करायची तर हाच प्रश्न १९२.०.२.१ ला विचारा. हा पत्ता फक्त उदाहरणांत वापरायला राखलेला आहे, तिथे कोणताही सर्व्हर नाही. योग्य निकाल म्हणजे वाट पाहून 'टाइम आउट'.

धागाकर्ती: उत्तर आलं! जिथे कोणीच नाही तिथून क्षणात उत्तर आलं. पाहून खरंच अंगावर काटा आला.

शाईची दौत: म्हणजे पुरवठादार पोर्ट ५३ वरचं सगळं स्वतःकडे वळवतो आहे. (किंवा तुमचा राउटर, त्यातही असा पर्याय असतो, तो बंद आहे का ते बघा.) राउटरमध्ये नुसते आकडे बदलून उपयोग नाही. प्रश्न पाकिटात बंद करून पाठवा, म्हणजे डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस. पण फक्त ब्राउझरमध्ये चालू करून थांबलात तर तुमची स्क्रिप्ट जुन्याच वाटेने जाईल. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, तुमच्या वायफायचे गुणधर्म, तिथे डीएनएस 'मॅन्युअल' करून १.१.१.१ किंवा गूगलचा ८.८.८.८ घाला आणि त्याच चौकटीतलं डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस चालू करा. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर त्याचंही करा, लोक हमखास ते विसरतात. अँड्रॉइड ९ पासून पुढे 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, त्यात 'डीएनएस डॉट गूगल' असं नाव लिहायचं. शेवटी साठवलेली जुनी उत्तरं पुसायला कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस.

वाटसरू: पुरवठादाराच्या पानावर 'ही सुविधा नको' असा दुवा असतो, तो पुरत नाही का?

शाईची दौत: बऱ्याच ठिकाणी तो फक्त एक कुकी ठेवतो. उत्तर खोटंच राहतं, जाहिरातींऐवजी नकली 'सापडत नाही' पान दिसतं. स्क्रिप्टला आणि मेलला त्याचा काही फायदा नाही. आणि प्रश्न जाहिरातींपुरता नाहीच. सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी २००८ साली दाखवून दिलं की अशा पानातल्या एका चुकीमुळे खऱ्या साइटच्या नसलेल्या उपनावाखाली फसवं पान उभं करता येतं. सप्टेंबर २००३ मध्ये डॉट कॉम आणि डॉट नेटची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने त्या सगळ्या नावांवर हाच प्रकार केला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की आयकॅन या नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने खडसावल्यावर तीन आठवड्यांच्या आत बंद करावा लागला. तुमच्या पुरवठादाराकडे लेखी तक्रार जरूर करा, सोबत १९२.०.२.१ चा निकाल जोडा. त्यावर 'तुमच्याच ब्राउझरमध्ये व्हायरस आहे' असं म्हणायला जागा उरत नाही.

धागाकर्ती: राउटरमध्ये तसा काही पर्याय नव्हता, तक्रार पाठवली आहे. बाकी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. ब्राउझरमध्ये कित्येक दिवसांनी 'ही साइट सापडत नाही' दिसलं आणि हायसं वाटलं. (एनएसलुकअप मात्र अजून खोटंच सांगत होतं, वाचल्यावर कळलं, ते विंडोजची नवी वाट न वापरता स्वतःच पोर्ट ५३ वरून विचारतं.) स्क्रिप्ट पुन्हा चालवली: ४१२ पैकी ३७ नावं आता अस्तित्वातच नाहीत. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली आहे. सुरुवातीला ती एक मुद्दाम खोटं नाव विचारते, आणि त्याला पत्ता मिळाला तर पुढे काही न तपासता थांबते.

त्या ३७ पैकी २२ लेखांच्या जुन्या प्रती वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जतन करणारं संकेतस्थळ) मिळाल्या. उरलेल्या १५ ची यादी उद्या इथेच टाकते, कोणाकडे जतन केलेली पानं असतील तर कळवा.